डेरीचा गैरहजर बिशप

फ्रेडरिक हर्वीला (१७३०–१८०३) ‘विक्षिप्त बिशप’ म्हणून हसण्यावारी नेले जाते. हे सोयीचे आहे; न्याय्य नाही.

हर्वी हे इंग्लंडमधील अर्ल ऑफ ब्रिस्टल यांचे घराणे. किताब थोरल्याचा, म्हणून धाकट्या फ्रेडरिकने चर्चची वाट धरली. १७६६ मध्ये थोरला भाऊ जॉर्ज आयर्लंडचा राजप्रतिनिधी नेमला गेला. (त्याने त्या देशात पाऊलही ठेवले नाही!) पुढच्याच वर्षी फ्रेडरिक क्लॉइनचा बिशप झाला आणि १७६८ मध्ये श्रीमंत अशा डेरीचा. दोन्ही थोरले भाऊ औरस वारसाविना वारल्याने १७७९ मध्ये अर्लपदही त्याच्याकडेच आले.

त्याची उदारता मात्र खोटी नव्हती. कॅथलिकांवर कायद्याची बंधने असलेल्या त्या काळात त्याने त्यांची बाजू घेतली. डाउनहिलच्या समुद्रकड्यावर १७८५ मध्ये उभारलेल्या आपल्या मसेंडन मंदिरात त्यांना प्रार्थनेची मुभा दिली. असे किती अँग्लिकन बिशप दाखवता येतील?

पण अखेरची दहाहून अधिक वर्षे त्याने डेरीकडे फिरकूनही पाहिले नाही. धर्मप्रांतातील बहुसंख्य लोक कॅथलिक वा प्रेस्बिटेरियन होते. तिथल्या जमिनींचे उत्पन्न इटलीत चित्रे आणि पुतळे विकत घेत होते. याला विक्षिप्तपणा का म्हणावे? भावाने न पाहिलेल्या देशाचे राजप्रतिनिधित्व केले, याने न पाहता धर्मप्रांत सांभाळला. घराण्याची रीतच ती.

१७९८ मध्ये फ्रेंचांनी रोममधील त्याचा संग्रह जप्त केला. ज्या इकवर्थच्या महालासाठी तो जमवला होता, तो महाल हर्वीने कधी पाहिलाच नाही.