राक्षसभुवनची फितुरी आणि क्वांटमची किल्ली

१० ऑगस्ट १७६३. आजच्या बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन येथे निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह थांबला होता. निजाम अली काही सैन्यानिशी आधीच पलीकडे पोहोचला होता आणि मध्ये भर पावसाळ्यातील गोदावरी होती. नेमक्या त्याच सुमारास नागपूरकर जानोजी भोसले निजामाच्या गोटातून बाजूला झाले. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी घाला घातला. विठ्ठल सुंदर रणात पडला.

हा विजय माधवरावांच्या शौर्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. परंतु हेच जानोजी त्याच वर्षी निजामासह पुण्यावर चालून गेले होते. दोस्त म्हणून छावणीत वावरणाऱ्याला तिथली खबर चोरावी लागत नाही. पहारे बाहेरच्यासाठी असतात.

आजच्या क्वांटम कूटलेखनाची मर्यादा नेमकी हीच आहे. बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत गुप्त किल्ली एकेका प्रकाशकणावरून पाठवली जाते. वाटेत कोणी कण तपासला, तर त्याची अवस्था बिघडते, चुकांचे प्रमाण वाढते आणि दोन्ही टोकांना सुगावा लागतो. वाटेवरचा हेर असा पकडला जातो. टोकाशी बसलेल्या अधिकाऱ्याच्या हाती मात्र किल्ली रीतसर येते. त्याने तिची नक्कल बाहेर दिली, तर एकही कण विचलित होत नाही.

लांबच्या अंतरावर तर अशी टोके वाढतात. २०१७ साली सुरू झालेल्या सुमारे २,००० किलोमीटरच्या बीजिंग-शांघाय मार्गावर ३२ ‘विश्वासू’ ठाणी आहेत. अशा ठाण्यात किल्ली साध्या अंकांच्या रूपात उघडी होते. म्हणजे तिथे भौतिकशास्त्राचा पहारा संपतो आणि माणसाच्या इमानाचा सुरू होतो. (‘विश्वासू’ हे विशेषण जानोजींनाही लागले असतेच!)

भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६,००० कोटींहून अधिक रकमेची मंजुरी मिळाली. २,००० किलोमीटरचे शहरांतर्गत नव्हे, तर शहरा-शहरांना जोडणारे जाळे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. त्या जाळ्याची चर्चा कणांपुरतीच राहणे धोक्याचे आहे. ठाण्याची चावी एकाच्या हाती नसावी, किल्लीचे भाग वेगवेगळ्या मार्गांनी जावेत, प्रत्येक हाताळणीची नोंद दुसऱ्याने तपासावी: हा खर्चही त्याच हिशेबात धरायला हवा.

माधवरावांनी हे ओळखले होते. फितुरीच्या मोबदल्यात जानोजींना ३२ लाखांचा मुलूख मिळाला. पुढे पेशव्यांनी त्यांच्यावरच स्वारी करून त्यातला बराच भाग परत घेतला.