लाटांच्या गावात व्हेकन्सी नाही

अप्रेझलचे दिवस आले की आमच्या कँटीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "यार, सोडूया हे सगळं आणि एखाद्या छोट्या गावात जाऊन राहूया!" मीही ते म्हणतो. फक्त माझ्याकडे गावाचं नावही तयार असतं. तरंगमबाडी!

पुदुच्चेरीहून साधारण सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं हे चिमुकलं गाव. तरंग म्हणजे लाटा, हे काही आपल्याला वेगळं सांगायला नको. गोऱ्यांनी त्याचं ट्रँकेबार केलं. गोरे म्हणजे इंग्रज नव्हेत हं, डॅनिश! १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्यांनी इथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे तंजावरला व्यंकोजीराजांचं मराठी राज्य आलं, पण डॅनिश मंडळी इथेच राहिली. मिरी आणि कापडाचा व्यापार करत.

वेशीचा पांढरा दरवाजा ओलांडला की गाड्यांचे हॉर्न मागे राहतात. सरळसोट किंग स्ट्रीट, दोन्ही बाजूंना खांबांचे व्हरांडे, टोकाला समुद्र. वाटेत १७१८ चं न्यू जेरुसलेम चर्च. ते बांधणारा जर्मन मिशनरी झीगेनबाल्ग १७०६ मध्ये इथे उतरला, तेव्हा त्याचं वय होतं २३. म्हणजे आपण ट्रेनी म्हणून फोटोकॉपी काढत असतो ते वय! पठ्ठ्या तमिळ शिकला, गव्हर्नरशी भांडला, किल्ल्यात चार महिने कैदेत पडला आणि बाहेर येऊन त्याने चक्क तमिळ छापखाना चालवला. तंजावरच्या सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ हेही १७५० मध्ये याच गावात आले होते.

मग एवढं गजबजलेलं बंदर इतकं शांत कसं झालं? १८४५ मध्ये डॅनिशांनी आपल्या भारतातल्या वसाहती इंग्रजांना साडेबारा लाखांना विकल्या, त्यात हेही गेलं. व्यापार नागपट्टिणमकडे सरकला. १९८० च्या दशकात इथवर येणारी छोटी रेल्वेही बंद झाली. आपण ज्याला 'चार्म' म्हणतो ना, तो असा एकेक गोष्ट निघून गेल्यावर उरलेला.

हे मला कळलं ते मी उतरलो होतो त्या हॉटेलातल्या पोरामुळे. संध्याकाळी कॉफी घेऊन आला, तेव्हा मी भरल्या आवाजात म्हटलं, "काय शांत आहे रे तुमचं गाव!"

"शांत आहे सार," तो म्हणाला, "कारण काम नाही. माझे सगळे दोस्त चेन्नईत."

कोळ्याचा पोर. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तो पाच वर्षांचा होता. घर गेलं, घरातली दोन माणसं गेली. नंतर नवी पक्की घरं मिळाली ती किनाऱ्यापासून आत. "आजीला तिथे कित्येक महिने झोप लागली नाही," तो सांगत होता. "लाटा ऐकू येत नाहीत म्हणून." ज्या लाटांनी घर नेलं, त्याच लाटांशिवाय झोप नाही... मी कॉफीत बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच मला किनाऱ्यावरचं मासिलामणिनाथाचं देऊळ दाखवलं. १३०६ मध्ये पांड्य राजाने बांधलेलं. पुढचा भाग समुद्राने कधीच गिळलाय, पण जे उरलंय तिथे आजही दिवा लागतो. किल्ल्याची, काही जुन्या बंगल्यांची डॅनिश मदतीने डागडुजी झाली आहे. वीकेंडला पर्यटक येतात, फोटो काढतात, जातात. माझ्यासारखेच.

निघताना त्याने जरा घुटमळत विचारलं, "सार, तुमच्या कंपनीत व्हेकन्सी आहे का?"

मी कार्ड दिलं. आठवड्याभरात त्याचा बायोडेटा आला आणि मी तो एचआरला पाठवलाही. त्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी पुन्हा म्हणालं, "सोडूया हे सगळं..." पहिल्यांदाच मी गावाचं नाव सांगितलं नाही. ज्या गावात राहायचं स्वप्न मी सात वर्षं फुकटात बघत होतो, तिथल्या पोराची मात्र माझ्या क्युबिकलसाठी वेटिंग लिस्टवर थांबायची तयारी होती.