टेबलावरची तुटलेली पिन

जिल्हा बैठकीच्या टेबलावर या वेळी अहवालांच्या फायलींशेजारी एका लोखंडी पिनेचे दोन तुकडे ठेवलेले असतील. कोणी ते उचलून बाजूला टाकू नयेत. येणाऱ्या प्रत्येकाने ते हातात घ्यावेत आणि तुटलेल्या जागेवरून बोट फिरवून पाहावे. या अंकात भातखरेदी केंद्रांविषयी लिहायचे ठरले होते. ते पुढच्या अंकात येईल.

पिन ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची आहे. कोणी तिला खिळा म्हणतात, कोणी टोचनाची पिन. पनवेल तालुक्यातल्या आपल्याच एका जुन्या कार्यकर्त्याच्या ट्रॉलीतली ही पिन. झोडणी उरकून, पेंढा भरून ते कर्नाळ्याची खिंड चढत होते. पेंढ्यावर तिघे मजूर बसलेले. चढावर गिअर बदलताना हिसका बसला आणि पिन तुटली. ट्रॉली दोन चाकांची, ओझे मागे कललेले. दांडी सरळ आभाळाकडे गेली आणि ट्रॉली पाठीवर बसली. दोघा पुरुषांनी उड्या मारल्या. तिसरी कातकरी वाडीवरची बाई होती, ती पेंढ्यासकट डांबरी रस्त्यावर आली. मांडीचे हाड मोडले. त्या घटकेला मागून ट्रक येत नव्हता, म्हणून ती आज आहे.

आता तुकड्यांकडे पाहा. तुटलेल्या जागेचा निम्म्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला आहे. उरलेला भाग खरबरीत आणि चकचकीत आहे. चकचकीत भाग त्या दिवशी खिंडीत तुटला. काळा भाग त्याच्या कितीतरी आधी तुटलेला होता. चिरेत पाणी शिरून तिथे गंज चढला होता. म्हणजे पिन अर्धी तुटलेली असताना ती ट्रॉली रस्त्यावर पळत होती, माणसे घेऊन पळत होती, आणि जोडताना-सोडताना दर वेळी ती पिन कोणाच्या तरी हातात येत होती. अपघाताला आपण दैव म्हणतो. हे दैव महिनोन् महिने आपल्या मुठीत होते.

दुसरी गोष्ट जाडीची. पिनेच्या डोक्याखाली, जिथे काही घासत नाही, तिथे जाडी ३० मिलिमीटर भरते. कडी जिथे घासते तिथे २५. पाच मिलिमीटर गेले तर काय बिघडले, असे वाटेल. सहावा हिस्सा जाडी गेली म्हणून सहावा हिस्साच ताकद गेली, असा हिशोब आपण मनात करतो. तो चुकीचा आहे. पिनेला कातरू पाहणाऱ्या जोराला ती तोंड देते ते जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि वाकवू पाहणाऱ्या जोराला घनाच्या प्रमाणात. ३० चे २५ झाले की पहिली ताकद सुमारे ३१ टक्क्यांनी उतरते आणि दुसरी ४२ टक्क्यांनी. शिवाय झिजेबरोबर पिन आणि कडी यांच्यात फट पडते. घट्ट जोडलेली ट्रॉली ओढली जाते, सैल जोडलेली ट्रॉली धडका देते. ब्रेक मारला की पुढे धडक, क्लच सोडला की मागे हिसका. मागून येणारा ‘खडाक्’ आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि तो आवाज म्हणजे ट्रॉली जुनी झाली एवढाच त्याचा अर्थ आपण लावत आलो. प्रत्यक्षात तो पिनेवर बसणारा घाव असतो. असे हजारो घाव बसले की लोखंडात चीर धरते.

मग प्रश्न असा की पेंढ्यासारख्या हलक्या मालाने पिन तुटली कशी? पेंढ्याने ती तुटलेलीच नाही. पेंढ्याने फक्त शेवटचा धक्का दिला. वर्षातले सात-आठ महिने ही ट्रॉली मुरूम, डबर आणि विटा वाहत होती. पनवेल-उरणच्या पट्ट्यात हे कोणाला समजावून सांगायला नको. जमिनी सिडकोत गेल्या, रस्त्यांत गेल्या, विमानतळात गेल्या. ज्यांची भातखाचरे उरली त्यांचा ट्रॅक्टरही शेतावर वर्षाकाठी मोजकेच दिवस चालतो. २०२५-२६ च्या खरिपाला साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरला. दोन-तीन एकरांच्या भातावर ट्रॅक्टरचा हप्ता फिटत नाही, हे हिशोब न करताही कळते. तेव्हा हप्ता फेडण्यासाठी ट्रॅक्टर भरावाच्या कामावर जातो, वीटभट्टीवर जातो. शेतमालासाठी बांधलेल्या ट्रॉलीला फळ्या उंच करून दुप्पट माल भरला जातो, कारण भाडे खेपेवर मिळते.

इथपर्यंत आमचे नेहमीचे म्हणणे आले आणि त्यातला एक शब्दही आम्ही मागे घेत नाही. पण यापुढे सरकारकडे बोट दाखवता येणार नाही. एका क्विंटल भाताच्या पैशात चांगली पिन आणि तिची क्लिप येऊन वर पैसे उरतात. शेतीमालाला भाव नाही म्हणून ट्रॅक्टर मुरमाला जातो, हे खरे. भाव नाही म्हणून पिन बदलली नाही, हे खरे नाही. ती बदलली नाही, कारण ती काढून कोणी पाहिलीच नाही.

आमचे आजोबा-पणजोबा असे नव्हते. पनवेल हे एके काळी गाडीच्या चाकांचे गाव होते. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलच्या बंदरात उतरू लागला, आणि इथल्या कारागिरांची चाके इतकी नावाजली की घाटावरचे गाडीवान परत जाताना ती घेऊन जात. घाट चढायचा तर निघण्याआधी आख, धाव, जू, सगळे हाताने चाचपून पाहायचे, वंगण घालायचे, ही रीतच होती. आखाची खीळ निखळली तर काय होते, हे कैकेयीच्या गोष्टीपासून प्रत्येकाला ठाऊक. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालीचा, तरी एवढी काळजी. ट्रॅक्टर आला आणि आपण लोखंडावर विश्वास टाकून मोकळे झालो. कृषी महाविद्यालयात आम्हालाही ट्रॅक्टरची अश्वशक्ती आणि नांगराची खोली शिकवली, पण ट्रॉलीची पिन काढून दाखवल्याचे आठवत नाही. तेव्हा हा दोष अडाणीपणाचा नाही.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, झेंडूची माळ घालतो, बॉनेटवर हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. आमचे म्हणणे इतकेच की त्या दिवशी हात लागतोच आहे तर पिनही बाहेर काढावी. कोकणात तो दिवस योग्यही आहे. पुढे कापणी, झोडणी आणि त्यामागून भट्ट्यांचा हंगाम, म्हणजे ट्रॉलीचे सगळे काम त्यानंतरचे.

पिन काढा, रॉकेल किंवा डिझेलने पुसा. जिथे कडी घासते तिथे नख फिरवा. नख अडले तर झीज आहे. व्हर्नियरने दोन ठिकाणी माप घ्या, डोक्याखाली आणि कमरेत. मूळ जाडी पिनेवरच लिहिलेली असते म्हणा ना! दहावा हिस्सा जाडी गेली असेल तर आमच्या मते ती पिन भंगारात टाकावी. कोणी दुसरे माप सांगेल, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. झिजलेल्या जागी वेल्डिंगने भर घालून खराद मारायची युक्ती मात्र कोणी करू नये. चांगली पिन पाणी दिलेल्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते, शेजारचे लोखंड ठिसूळ होते, आणि वरून पिन नवी दिसते. आणि बांधकामाची सळई कापून केलेली पिन आम्ही या तालुक्यात स्वतः पाहिली आहे. वाईट म्हणजे मालकाने ती कौतुकाने दाखवली.

पिन बदलली म्हणजे काम संपले नाही. ट्रॉलीच्या दांडीची कडी पुढच्या बाजूने आतून झिजते, कारण ओढताना पिन तिथेच दाबते. भोक गोल न राहता लांबट झाले की नवी पिनही तिथे आपटतच राहणार. ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाची भोके आणि बोल्ट तसेच पाहावेत. सगळ्यांत दगाबाज जागा म्हणजे दांडी जिथे ट्रॉलीच्या सांगाड्याला वेल्ड केलेली असते ती. रंगावर गंजाची बारीक तांबडी रेघ दिसली तर ती रेघ समजू नये, चीर समजावी. खात्री करायची तर एक जुनी, बिनपैशाची रीत आहे. जागा घासून स्वच्छ करा, रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडे पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. चीर असली तर आत शिरलेले रॉकेल खडूत झिरपून ओली रेघ उमटते.

क्लिपेच्या जागी तार किंवा खिळा अडकवणाऱ्यांसाठी एक वाक्य. दोन चाकांच्या ट्रॉलीत माल आखाच्या मागे गेला की दांडी वर उचलते, आणि पिनेला वर निघून जाण्यापासून अडवणारी ती क्लिपच असते. आणि दोन साखळ्या हव्यात, दांडीखालून एकमेकींना छेदून ट्रॅक्टरला बांधलेल्या, म्हणजे पिन गेली तरी दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांवर पडेल. कर्नाळ्याच्या त्या ट्रॉलीला एकही साखळी नव्हती. किती ट्रॉल्यांना आहे?

आता त्या बाईविषयी. ती ट्रॉलीवर बसली होती, कारण शेतावरून वाडीवर जायला दुसरे काही नव्हते. आपल्या जिल्ह्यातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे घेऊन ट्रॉल्यांतूनच भट्ट्यांवर जातात. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड तालुक्यात आलेगाव शिवारात मजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला आणि सात जणी गेल्या. तिथे पिन तुटली नव्हती, तो प्रकार वेगळा. पण ट्रॉलीत बसलेल्याच्या हातात काहीच नसते, हे दोन्हीकडे सारखे. आणि विमा? ट्रॅक्टरवर बसायची जागा एकाच माणसाची, चालकाची. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. वीटभट्टीच्या मातीच्या कामावरचा मजूर ट्रॉलीवर बसलेला असताना जायबंदी झाला, आणि ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता. कायद्याने विमा कंपनी जबाबदार नाही, असेच न्यायालयाने सांगितले. मजुराची गरिबी पाहून न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात कंपनीला आधी पैसे द्यायला लावले आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली. अशी कृपा दर खटल्यात होईल, असे धरून कोणी चालू नये. कर्नाळ्याच्या प्रकरणातही विम्याकडून नकार आलेला आहे.

आणि आम्ही? आमच्या मोर्चांना, मेळाव्यांना, रास्ता रोकोला माणसे कशातून आली? ट्रॉल्यांतून. किती ट्रॉल्या आल्या यावरून आम्ही सभेचा आकार मोजला, ‘पन्नास ट्रॉल्या भरून लोक आले’ असे याच पत्रकात अभिमानाने छापले. २०२०-२१ साली दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांनी ट्रॉल्यांत संसार थाटले, तेव्हा आमचीही छाती फुगली होती. त्या पन्नासांतल्या एकाही ट्रॉलीची पिन आम्ही पाहिली नव्हती. एखादी तुटली असती तर आम्ही ‘हुतात्मा’ हा शब्द वापरला असता, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते.

म्हणून या बैठकीत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. संघटनेच्या कोणत्याही कार्यक्रमाला माणसे ट्रॉलीतून आणायची नाहीत. एसटी, टेम्पो, रेल्वे, जे परवडेल ते. लोक कमी येतील आणि पोलिसांच्या नोंदीत आकडा छोटा दिसेल, हा आक्षेप आमच्या कानावर आला आहे. दिसू दे. मजुरांना शेतावर नेण्याबाबत असाच ठराव आज आम्ही मांडत नाही, कारण वाडीवर जायला दुसरी सोय होईपर्यंत तो कोणी पाळणार नाही, आणि न पाळायचे ठराव आपल्याकडे पुरेसे आहेत. तोवर माणसे बसणार असतील त्या ट्रॉलीला क्लिप आणि दोन साखळ्या असल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करायचा नाही, एवढे तालुका शाखांनी घरोघर सांगावे.

बैठकीला येताना प्रत्येक ट्रॉलीमालकाने आपली पिन खिशात घालून आणावी. आयटीआय शिकलेली आपली दोन पोरे व्हर्नियर घेऊन दाराशी बसतील, माप कागदावर लिहून देतील. तुटलेली पिन ज्यांची, ते कार्यकर्तेही हजर असतील. तुकडे त्यांनीच आणून दिले आणि हे छापा म्हणाले. बाईच्या दवाखान्याचा खर्च आतापर्यंत त्यांनी उचलला आहे, पण ती अजून कुबडीवर आहे आणि या हंगामात तिच्या घरात मजुरी येणार नाही. वर्गणीचा डबा पिनेशेजारी ठेवला आहे.