पाणी चढण्याआधी निरोपाची सोय करा

ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं. तिकडे शिरोलीत पंचगंगेनं तोच महामार्ग अडवला. कागलची लेक निपाणीत, तिची आई कागलात, मुलगा पुण्यात आणि कुणालाच कुणाकडे जाता येईना. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झालं.

आपल्या कोल्हापूर-बेळगाव सीमाभागात राज्याची हद्द सातबाऱ्यावर असते, सोयरिकीत नसते. त्यामुळे पूर आला की दोन्ही बाजूंनी फोन सुरू होतात: ‘कसं हाय तिकडं? पाणी कुठंवर आलंय?’ माया खरीच, पण एका घरात तीस पाहुण्यांचे तीस फोन आले की दुपारपर्यंत बॅटरी संपते. वीज आधीच गेलेली असते. मग संध्याकाळी खरंच होडी मागवायची वेळ येते, तेव्हा फोन बंद. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोलीकडे वीज आणि फोन कित्येक दिवस नव्हते. मुंबईतल्या चाकरमान्यांना गावाकडची माणसं कशी आहेत, हेच कळेना. वादळ असो की महापूर, निरोपाची व्यवस्था आधी ठरलेली नसेल तर ऐन वेळी ती उभी राहत नाही. म्हणून सांगणं एवढंच, की पावसाआधी घरात बसून काही गोष्टी ठरवा.

पहिली गोष्ट, निरोप्या नेमा. पुराच्या पट्ट्याबाहेरचा, पुण्या-मुंबईत किंवा बंगळूरला राहणारा, डोकं शांत ठेवणारा एक नातेवाईक निवडा. गावातलं घर फक्त त्यालाच कळवील आणि बाकीचे सगळे त्यालाच विचारतील. गावातून निरोप असा जावा: ‘बुधवार, दुपारी 4. आम्ही पाच जण हायस्कूलमध्ये. आई बरोबर आहे, तिच्या बीपीच्या गोळ्या दोनच दिवस पुरतील. म्हशी माळावर बांधल्यात. फोन बंद ठेवतोय, उद्या सकाळी 8 ला चालू करू.’ वार, वेळ, माणसं, ठिकाण आणि गरज, सगळं यात आलं. फोन लागत नसला तरी साधा एसएमएस पुष्कळदा जातो. निरोप्याचा नंबर कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, कारण हल्ली बायकोचा नंबरही आपल्याला पाठ नसतो.

दुसरी, आपली नदी ओळखा. टीव्हीवर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे फिरतात: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. ते पाहून मुलगा कारदग्यातल्या वडिलांना फोन करतो. पण कारदग्याला दूधगंगेचं पाणी येतं, म्हणजे बघायला हवा काळम्मावाडी धरणाचा विसर्ग. जत्राट, भिवशी, सिदनाळकरांनी वेदगंगेवरच्या पाटगाव धरणाकडे लक्ष ठेवावं. पंचगंगेचं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत जातं, तेव्हा राजाराम बंधाऱ्याचा आकडा कल्लोळ, यडूरसारख्या कृष्णाकाठच्या गावांच्या कामाचा, आणि त्याच्या जोडीला कोयनेचा. गोकाकच्या पाहुण्यांसाठी घटप्रभेवरचं हिडकल बघा. हिडकल सोडलं तर ही धरणं महाराष्ट्रात आणि गाव कर्नाटकात, म्हणून दोन्हीकडच्या बातम्या ऐका. 1077 हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर कोल्हापुरातून लावला तर कोल्हापूरचाच कक्ष उचलतो. बेळगाव जिल्ह्याच्या कक्षाचा थेट नंबर आधीच मिळवून ठेवा. जिवावर बेतलं तर 112.

तिसरी, तारीख नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका. पूल वाहून गेल्याचं जुनं चित्रण ग्रुपवर पडलं की दहा घरांत रडारड होते. तसंच दूर बसून हुकूमही सोडू नका. ‘मिळेल त्या होडीनं बाहेर पडा’ असं फोनवर ओरडणं सोपं असतं. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांनी भरलेली होडी उलटून माणसं बुडाली. घर सोडायचं ते पाणी वेशीत येण्याआधी, दिवसाउजेडी आणि जनावरांसह. म्हातारी माणसं ‘2005 ला इथवर आलं नव्हतं’ म्हणून बसून राहतात. त्यांचं मन वळवायचं काम ज्याचं ऐकतात त्यानंच करावं. बहुतेक घरांत तो जावई असतो!

चौथी गोष्ट पाणी ओसरल्यानंतरची. घरात गुडघाभर गाळ असतो, धान्याला वास सुटलेला असतो, ट्रंकेत लग्नातल्या साड्यांचा लगदा झालेला असतो. तेव्हा बघायला जाऊ नका, फावडं, खराटा आणि गमबूट घेऊन कामाला जा. गाळ काढण्याआधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, पंचनाम्याला ते लागतात. 2019 मध्ये कर्नाटक सरकारनं तातडीची मदत म्हणून कुटुंबामागे 10 हजार आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी 5 लाख रुपये जाहीर केले होते. पण यादीत नाव बसायला कागद लागतात आणि अर्ज कन्नडमध्ये असतो. कन्नड वाचता येणारा एक पाहुणा दिवसभर शेजारी बसला, तर बिस्किटांच्या दहा खोक्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. भाड्यानं राहणाऱ्यांचं आणि विड्या वळून घर चालवणाऱ्या बायकांचं नाव पंचनाम्यात आलं का, हेही विचारा. त्यांचा रोज बुडालेला असतो आणि त्यांच्यासाठी बोलणारं सहसा कुणी नसतं.

आणि महिन्यानं परत फोन करा. पहिल्या आठवड्यात सगळेच विचारतात. खरी ओढाताण नंतर सुरू होते, जेव्हा ऊस कुजलेला असतो, सोसायटीचं कर्ज तसंच असतं आणि पोरांना नवी पुस्तकं हवी असतात.

ज्येष्ठी पौर्णिमेला, कर्नाटकी बेंदराला, घरची सगळी माणसं एकत्र येतात. बैल पुजून झाले, पोळी खाऊन झाली की उठण्याआधी अर्धा तास बसा. निरोप्या कोण, जनावरं कुठल्या माळावर, आजीला कोण उचलणार आणि कागदांची पिशवी कुठल्या खुंटीला, एवढं ठरवूनच उठा.