'बिफोर' आणि 'आफ्टर'च्या मधली लाली

हेअर ट्रान्सप्लांटच्या जाहिरातीत दोनच फोटो असतात. 'बिफोर'मध्ये मागे सरकलेली हेअरलाइन आणि पडलेला चेहरा. 'आफ्टर'मध्ये दाट केस आणि हसू. या दोन फोटोंच्या मध्ये जवळपास वर्ष जातं आणि त्या वर्षाची सुरुवात लालबुंद डोक्याने होते, हे कुणी दाखवत नाही.

एफयूई पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातून एकेक ग्राफ्ट जेमतेम १ मिलिमीटरच्या पंचने काढतात आणि पुढे बारीक चिरा देऊन बसवतात. म्हणजे एवढ्याशा जागेत शेकडो-हजारो छोट्या जखमा! त्या भरून काढायला शरीर तिथला रक्तप्रवाह वाढवतं, म्हणून त्वचा लाल होते. खपल्या साधारण ७ ते १० दिवसांत पडतात. लाली बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते, काहींची २-३ महिने रेंगाळते. त्यातच लावलेले केस सुरुवातीला गळतात आणि नवे दिसायला ३-४ महिने लागतात. हे सगळं नॉर्मल आहे.

खरा घोळ लपवाछपवीत आहे. 'फेस्टच्या आधी उरकून टाकू, कुणाला कळणारपण नाही' असा हिशोब केला, की लालीची लाज वाटायला लागते. मग घट्ट टोपी, मेकअप, कुणीतरी सुचवलेली स्टेरॉइड क्रीम. अरे, लाली फिकी होत चालली असेल तर तिला वेळ द्या ना! पण ती पसरतेय, दुखणं वाढतंय, पू किंवा ताप आलाय, तर इन्फेक्शन असू शकतं. तेव्हा टोपी काढून थेट डॉक्टर गाठा.

डॉक्टर म्हणजे खरंच डॉक्टर हं! नुसतं यूट्यूबवर बघून हे काम करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच बजावलंय. त्यामुळे पॅकेजचा रेट विचारण्याआधी विचारा, चिरा कोण देणार? पंधराव्या दिवशी काही झालं तर फोन कोण उचलणार?

विशीत केस जाण्याचं दुःख खोटं नाही. पण या वयात टक्कल कुठवर जाणार हेच ठरलेलं नसतं. आज पुढे केस लावले, तरी त्यांच्या मागचे उद्या जाऊ शकतात. म्हणून घाई नको. महिनाभर लालसर डोकं घेऊन लेक्चरला बसायची तयारी नसेल, तर निर्णय अजून पक्का झालेला नाही असं समजा.

आणि शेजारच्या बाकावर असं डोकं दिसलंच, तर कमेंट न मारता गपचूप नोट्स मागा!