ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर?

एकसामयिक समीकरणे सोडविल्यावर उत्तर मूळ समीकरणांत घालून ताळा पाहावा, असे शाळेत शिकविले जाते. सवय उत्तम आहे. परंतु सोयीस्कर पूर्णांकांच्या उदाहरणांवर पोसलेला तिच्यावरील विश्वास फार भाबडा असतो, असे माझे मत आहे.

पुढील जोडी पाहा: क्ष + य = २ आणि क्ष + १.०००१ य = २.०००१. येथे क्ष व य या दोहोंचे मूल्य १ आहे. आता कोणी क्ष = ०, य = २ असे उत्तर आणले, तर पहिले समीकरण तंतोतंत जुळते आणि दुसऱ्यात अवघ्या एक दशसहस्रांशाचा फरक राहतो. तीन दशांश स्थळांपर्यंत ताळा पाहणारा परीक्षक या उत्तराला पूर्ण गुण देईल! या समीकरणांच्या रेषा जवळजवळ समांतर असल्याने त्यांचा छेदनबिंदू किंचित धक्क्यानेही दूर सरकतो. २.०००१ हा आकडा मोजमापातून आलेला असेल आणि चुकून २.०००२ असा वाचला गेला, तर ० व २ हेच उत्तर निघते.

अशा संचासाठी मी ‘दुःस्थित’ हा शब्द योजतो. ‘सदोष’ म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यालाही एकच निश्चित उत्तर असते.

ही नाजूकता एका अंकाने मोजता येते. ॲलन ट्युरिंग यांनी १९४८ मध्ये त्यासाठी जी संज्ञा वापरली, तिला आपण ‘स्थिती-अंक’ म्हणू. तो दहाच्या जितक्या घाताएवढा, ढोबळमानाने तितके अंक उत्तरातून गमावण्याची भीती. १, १/२, १/३ अशा अपूर्णांकांनी बनलेल्या हिल्बर्ट यांच्या दहा ओळींच्या कोष्टकाचा स्थिती-अंक दहाच्या तेराव्या घाताहून मोठा आहे. संगणक सामान्यतः सोळा अंक सांभाळतो. त्यांपैकी भरवशाचे जेमतेम तीन उरतात. छापून मात्र सोळाही येतात.

इंग्लंडमधील जेम्स विल्किन्सन यांनी अभ्यासिलेला एक उपाय असा: ताळ्यात उरलेला फरक दुप्पट अंक राखून काढावा, तो उजव्या बाजूस ठेवून तीच समीकरणे पुन्हा सोडवावीत व येणारी दुरुस्ती पहिल्या उत्तरात मिळवावी. संच अतिशय दुःस्थित नसेल, तर अशा काही फेऱ्यांत गणिताची चूक निघून जाते. मोजमापाची चूक मात्र याने निघत नाही.

प्रत्येक शालेय पुस्तकात अशी एक तरी जोडी असावी आणि विद्यार्थ्याने शेवटचा अंक बदलून ती पुन्हा सोडवावी. त्याला पाऊण पान पुरेल.