दहा खुराडी, लसीची एक बाटली



पेरणीपासून पहिल्या वेचणीपर्यंत कोरडवाहू घरात पिकाचा पैसा येत नाही. त्या चार-पाच महिन्यांत मीठमिरची, पोरांच्या वह्या, दवाखाना हे सारे कारभारीण कशावर भागवते, हे कारभाऱ्याने कधी विचारलेले नसते. कित्येक घरांत ते भागते आठवडी बाजारात विकलेल्या अंड्यांवर आणि सणाला विकलेल्या एखाद्या कोंबड्यावर. हा पैसा कोणत्याही वहीत नाही. म्हणून आज कापसावर नाही, कोंबडीवर लिहितो आहे.

मी शेतकी पदवीधर. नोकरीत असताना एका गावात सुधारित जातीची पिल्ले वाटली. अंडी किती, वजन किती, सारे फळ्यावर मांडून दाखवले. मे महिन्यात मानमोडी आली. हिरवी हगवण, वाकड्या माना. आठ दिवसांत मी दिलेली पिल्ले तर गेलीच, बायांच्या जुन्या गावरान कोंबड्याही गेल्या. एका म्हातारीने रिकामे डालगे माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "साहेब, आता हे पण घेऊन जा." तिला काय उत्तर देणार? मी जात सांगितली होती, लस सांगितली नव्हती.

जातीचा वाद फार रंगतो. खरे एवढेच, की गावरान कोंबडी वर्षाला 50-60 अंडी देते, पण खुडूक बसते, पिल्ले काढते आणि घारीपासून सांभाळते. हैदराबादची वनराजा परसात फिरून शंभराच्या आसपास अंडी देते आणि तिच्या नराला मांसही चांगले धरते. पण ती सहसा खुडूक बसत नाही, आणि तिच्या पुढच्या पिढीत तो जोर राहत नाही. संकरित कपाशीची घरची सरकी पेरून पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. तेव्हा दोन्ही ठेवा. सात-आठ सुधारित तलंगा, दोन-तीन गावरान कोंबड्या आणि एक नर. सुधारितांची अंडी खायला-विकायला, गावरान पिल्ले काढायला. त्यातले नर वाढले की बाजारात.

आता खर्च. विकत आणलेल्या पिल्लांना पहिले सहा आठवडे ऊब आणि तयार खाद्य लागतेच, तिथे काटकसर नको. पुढे दिवसभर फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी 40 ग्रॅम दाणा धरा. दहा कोंबड्यांना 400 ग्रॅम, म्हणजे वर्षाला दीड क्विंटल. घरची ज्वारी, कण्या, खळ्यावरचे झाडलोटीचे दाणे यात ते बसते. अंड्याचे कवच पक्के व्हावे म्हणून शिंपल्यांचा चुरा ठेवा. पण पावसात भिजून बुरशी धरलेली ज्वारी व्यापारी घेत नाही म्हणून कोंबड्यांना टाकू नका, त्या बुरशीत विष असते. सरकीची ढेपही नको. सरकीतल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि गिऱ्हाईक तुटते. औषध लावलेले उरलेले बियाणे आणि नुकती फवारलेली कपाशी यांपासून कोंबड्या लांब ठेवा. आणि दहाच्या दोनशे करून पोत्यांनी उधार खाद्य आणू नका. उधारीवर पिकवायचे आणि दुसऱ्याने ठरवलेल्या भावात विकायचे, हे दुखणे कापसात आपण भोगतोच आहोत. ते खुराड्यात कशाला न्यायचे?

आता मूळ मुद्दा. मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीची सुई. पुढची लस डॉक्टरांना विचारून, पण उन्हाळ्याच्या आधी. मग कोंबड्या मरतात का? कारण लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई एकटी ती आणणार कशी? तिला आळशी किंवा अडाणी म्हणू नका. ती एकटी आहे, एवढाच तिचा दोष.

म्हणून काम सोपे आहे. दहा घरे, एक बाटली, एक पहाट. सगळ्यांची पिल्ले एकाच आठवड्यात आणायची. एकाने थर्मासमध्ये बर्फ घालून पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणायची. कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आत घरोघर फिरून टोचायच्या. शेजारचे खुराडे लसीवाचून राहिले, तर पहिला रोग तिथेच शिरेल, म्हणून कुणाला वगळायचे नाही. रोग गावात शिरल्यावर लसीसाठी धावण्यात अर्थ नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने अशा दहा घरांची यादी आणावी. यादीत नावे बायांची असावीत. कोंबडी त्यांची, पैसाही त्यांचाच. त्या पैशाचा हिशेब कारभाऱ्याने मागू नये.